औषधाचा आढावा आणि आपली जबाबदारी



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले तेव्हा मी विडी कामगारांच्या मजुरीवर किंवा भविष्यनिर्वाह निधीवर बोलेन अशी त्यांची अपेक्षा असावी. मी विषय कळवला तो असा : औषधी रसायनशास्त्राच्या नियतकालिकासाठी आढावालेख कसा तयार करतात आणि कसा पाठवतात. चिटणीसांनी मला दोनदा विचारले, ‘भाऊ, विषय हाच ना?’ त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही. माझी शाळा नववीत सुटली. पुढचे शिक्षण वाचनालयात, कामगार न्यायालयाच्या ओसरीवर आणि शब्दकोशाची काठी टेकत टेकत झालेले. अशा माणसाने रसायनशास्त्रावर बोलावे हा अधिकप्रसंग आहे. पण तो करण्यामागे एक कारण आहे आणि ते कारण माझ्या हातून घडलेली एक चूक आहे. ती आधी सांगतो.

सहा-सात वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या युनियनची एक सभासद बाई, वय पन्नाशीच्या आत, विड्या वळण्यात हात असा की हजाराच्या वर सहज जायची. तिला रक्तदाबाचा विकार होता. सरकारी दवाखान्यातून गोळ्या मिळत, पण त्या आणायला महिन्यातून एक दिवस मोडायचा, म्हणजे एक दिवसाची मजुरी जायची. त्याच सुमारास माझ्या हाती एक पत्रक आले. सर्पगंधा ही आपल्या रानातली मुळी, रक्तदाबावर गुणकारी, साऱ्या जगाने मान्य केलेली, असा त्यातला मजकूर. मला अभिमान वाटला. वस्तीवरच्या बैठकीत मी ते पत्रक मोठ्याने वाचून दाखवले. माझ्या आवाजावर लोकांचा विश्वास आहे, हे मी त्या वेळी विसरलो.

त्या बाईने गोळ्या बंद केल्या आणि आठवडी बाजारातून मुळीची भुकटी आणली. चार महिन्यांनी एके सकाळी तिचा उजवा हात उचलेना. अर्धांगाचा झटका होता. मी दवाखान्यात गेलो तेव्हा ती एवढेच म्हणाली, ‘भाऊ, तुमीच त वाचून दाखवलं होतं.’ त्यात राग नव्हता. राग असता तर मला बरे वाटले असते.

डॉक्टरांनी मला बाजूला घेतले. ते म्हणाले, ‘गोळ्या एकाएकी सोडल्या हे पहिले कारण. आणि मुळी खोटी नाही हो, पण त्या भुकटीत औषध किती होते, हे कोणी मोजले?’ मी निरुत्तर झालो. चाळीस रुपयांची मजुरी कमी पडली तर मी ठेकेदाराच्या वह्या तपासतो, दोन्ही बाजूंचे साक्षीदार घेतो. आणि एका बाईच्या जिवाच्या बाबतीत मी एकच कागद वाचून निकाल दिला होता.

पुढे मी आमच्याच एका जुन्या सभासदाच्या मुलाकडे गेलो. तो जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात औषधनिर्माणशास्त्र शिकवतो. योगायोग असा की, वनस्पतींतून मिळणाऱ्या आणि रक्तदाब उतरवणाऱ्या द्रव्यांवर तो त्याच वेळी एक आढावालेख लिहीत होता. सुमारे दोन वर्षे मी रविवारी त्याच्याकडे जाऊन बसत असे. जे पाहिले, ऐकले, वाचले, ते आज तुमच्यापुढे मांडतो.

आढावालेख म्हणजे काय? संशोधक प्रयोग करतो आणि त्याचा एक निबंध प्रसिद्ध करतो. ती एका साक्षीदाराची साक्ष झाली. अशा शेकडो साक्षी जगभर विखुरलेल्या असतात; काही एकमेकींना जुळतात, काही उलट जातात. त्या सर्व गोळा करून, तपासून, ‘आज या प्रश्नावर एवढे खात्रीचे आहे, एवढे संशयाचे आहे आणि एवढे मुळीच ठाऊक नाही’ असा अहवाल जो देतो तो आढावालेख. त्यात नवा प्रयोग नसतो, म्हणून काही लोक त्याला दुय्यम समजतात. ते बरोबर नाही, हे दाखवायला सर्पगंधेचाच इतिहास पुरेसा आहे.

ही मुळी आपल्याकडे शतकानुशतके सर्पदंशावर आणि वेडावर देत आले. १९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिचा वेडावर आणि वाढलेल्या रक्तदाबावर उपयोग होतो, असा निबंध प्रसिद्ध केला. त्याच साली दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमान सिद्दिकी यांनी मुळीतून काही शुद्ध द्रव्ये वेगळी काढली आणि त्यांतल्या एकाला हकीम अजमलखानांच्या नावावरून अजमलीन असे नाव दिले. म्हणजे साक्षी होत्या. पण त्या भारतातल्या नियतकालिकांच्या पानांत पडून राहिल्या. बाहेरच्या जगाने दखल घ्यायला अठरा वर्षे लागली.

ती दखल घ्यायला लावली मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी. १९११ साली मुंबईत जन्मलेला हा पारशी हृदयरोगतज्ज्ञ. त्यांनी पन्नास रुग्णांवर ही मुळी वापरून नोंदी ठेवल्या आणि १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये निबंध प्रसिद्ध केला. तो वाचून बोस्टनच्या रॉबर्ट विल्किन्स यांनी आपल्या रुग्णांवर औषध वापरले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये बाझेल येथील सीबा कंपनीच्या प्रयोगशाळेत म्युलर, श्लिटलर आणि बाइन यांनी मुळीतले मुख्य द्रव्य, रेसर्पीन, शोधून काढले. मग निबंधांचा पूर आला. या पुरात खरे किती आणि वाहून आलेला कचरा किती, हे सांगणारा कोणी तरी हवा होता.

डॉ. वकिलांनी ते कामही केले. १९५५ साली अमेरिकेतल्या ‘सर्क्युलेशन’ या हृदयरोगाच्या नियतकालिकात त्यांचा, रक्तदाबावरील सर्पगंधेच्या वाङ्मयाचा आढावा घेणारा लेख प्रसिद्ध झाला. सारा ऐवज दहा पानांचा. ते नियतकालिक वैद्यकाचे, रसायनशास्त्राचे नव्हे. पण कामाची जात तीच. १९५७ साली त्यांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. पुरस्कार आपण लक्षात ठेवतो. मला त्या दहा पानांचे मोल अधिक वाटते, कारण ज्याने स्वतः पन्नास रुग्णांवर प्रयोग केला त्याने नंतर बसून इतरांच्या साक्षीही वाचल्या.

पण आढाव्याचे काम एकदा करून संपत नाही. सप्टेंबर १९७४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात बोस्टन, ब्रिस्टल आणि हेलसिंकी अशा तीन ठिकाणची तपासणी एकदम प्रसिद्ध झाली. रेसर्पीन घेणाऱ्या स्त्रियांत स्तनाचा कर्करोग अधिक दिसतो, असा तिचा सूर होता. जगभर घबराट झाली. पुढे इतरांनी तपासणी केली तेव्हा तसा संबंध आढळेना. मग शोध झाला की असे का व्हावे. एक कारण सापडले ते मोठे बोधप्रद आहे. तुलनेसाठी ज्या कर्करोग नसलेल्या स्त्रिया घेतल्या होत्या, त्यांतून काही तपासण्यांत हृदयविकार असलेल्यांना वगळले होते. पण रेसर्पीन घेतात कोण? बहुतेक असेच लोक. त्यांना वगळल्यावर दुसऱ्या बाजूला रेसर्पीन घेणारे कमी दिसणारच! आमच्याकडे मालकाने साक्षीदारांच्या यादीतून युनियनचे लोक गाळले तर चौकशीचा निकाल काय लागेल? तसेच हे झाले, फक्त येथे कोणाचा कट नव्हता.

याच औषधाने मन खिन्न होते, असेही पन्नाससाठच्या दशकांपासून पुस्तकांतून लिहिले जात होते. २००३ साली काही अभ्यासकांनी मूळ साक्षी पुन्हा उलगडून पाहिल्या आणि हा समज वाटतो तितका पक्का नाही, असे दाखवले. याचा अर्थ औषध निर्धोक ठरले असा नव्हे; आज त्याचा वापर मागे पडला आहे आणि डॉक्टरांकडे पुष्कळ दुसरी औषधे आहेत. अर्थ एवढाच की, पुस्तकातून पुस्तकात उतरलेले वाक्य कोणी तरी मुळाशी जाऊन तपासावे लागते.

आता हा लेख तयार कसा करतात ते सांगतो. येथे विद्यार्थी बसलेले आहेत, त्यांनी विशेष लक्ष द्यावे.

पहिली गोष्ट, प्रश्नाची हद्द आखणे. ‘भारतीय वनौषधी’ हा काही आढाव्याचा विषय होत नाही. त्याला आयुष्य पुरणार नाही. प्रश्न असा हवा की ज्याचे उत्तर मागता येईल. आणि याच प्रश्नावर अलीकडे कोणी लिहिले आहे काय, हे आधी पाहिले पाहिजे. लिहिले असेल तर आपण वेगळे काय सांगणार, हे स्वतःला विचारावे.

दुसरी, शोध. कोणत्या सूचींत शोधले, कोणते शब्द घातले, कोणत्या तारखेपर्यंत शोधले, याची टिपणी ठेवावी लागते. आमच्या या मित्राने मला एक गंमत दाखवली. सर्पगंधेच्या लॅटिन नावाचे स्पेलिंग दोन तऱ्हांनी होते, एकात डब्ल्यू आणि एकात व्ही. एकाच तऱ्हेने शोधले तर दुसऱ्या तऱ्हेने लिहिलेले सारे निबंध हातातून निसटतात! आमच्या मतदारयादीत आडनावाच्या एका वेलांटीने सभासद गळतो, त्याची मला आठवण झाली. औषधांच्या बाबतीत निबंधांखेरीज पेटंटेही पाहावी लागतात, कारण कंपन्या पुष्कळ माहिती तेथेच ठेवतात.

तिसरी, नोंदवही. त्याने मोठे तक्ते केले होते. प्रत्येक निबंधापुढे रकाने : प्रयोग परीक्षानळीत, उंदरावर की माणसावर, किती जणांवर, मात्रा किती, तुलना कशाशी, आणि पैसा कोणी दिला. शेवटचा रकाना पाहून मला त्या शास्त्राविषयी आदर वाटू लागला. उंदरावरचा निष्कर्ष माणसावरचा म्हणून खपवणे हा या धंद्यातला सर्वांत सामान्य दोष आहे. माझे ते पत्रक याच दोषाने भरलेले होते, हे मला तेव्हा कळले.

चौथी, रेणूची रचना. येथे औषधी रसायनशास्त्राचे खरे काम सुरू होते. रेणूचा कोणता भाग काढला तर गुण राहतो आणि कोणता काढला तर जातो, हे आढाव्यात क्रमाने मांडायचे असते. रेसर्पिनाचेच पाहा. त्यातला एक छोटा मेथॉक्सी गट नसलेले डेझर्पिडीन नावाचे द्रव्य आहे. ते रक्तदाब उतरवते. पण ट्रायमेथॉक्सीबेंझॉइक आम्लाचा तुकडा तोडून टाकला तर तो गुण राहत नाही. सुताराला विचारा, टेबलाची नक्षी काढली तर टेबल उभे राहते, पाय काढला तर पडते. नक्षी कोणती आणि पाय कोणता, हे सांगणे हे या शास्त्राचे काम. हार्वर्डच्या रॉबर्ट वुडवर्ड यांनी १९५६ साली हा सबंध रेणू प्रयोगशाळेत बांधून दाखवला; १९६५ साली त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. लेखातल्या आकृत्या स्वतः, एकाच पद्धतीने काढाव्यात. दुसऱ्याची छापील आकृती घ्यायची तर प्रकाशकाची लेखी परवानगी लागते.

पाचवी आणि सर्वांत अवघड गोष्ट, मत देणे. ‘अमक्याने असे म्हटले, तमक्याने तसे म्हटले’ अशी रांग लावली म्हणजे आढावा होत नाही. तो हजेरीपट झाला. कोणाची साक्ष बळकट, कोणाची दुबळी, आणि का, हे लिहिण्याचे धैर्य पाहिजे. साक्ष देणारा आपला गुरुजी असला तरीही.

लेख झाला की तो पाठवायचा. या विषयातले एक जुने नावाजलेले नियतकालिक अमेरिकन रसायनशास्त्र संस्थेचे आहे. १९५९ साली ते निघाले आणि १९६३ पासून ‘जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री’ या नावाने चालते. तेथे अशा लेखांना ‘पर्स्पेक्टिव्ह’ म्हणतात. असल्या मोठ्या ठिकाणी पुरा लेख एकदम धाडण्याआधी संपादकाला टिपण पाठवण्याची रीत आहे : विषय काय, आताच का, आधीच्या आढाव्यांहून वेगळे काय, आणि लिहिणाऱ्याचा या विषयाशी संबंध काय. एका वेळी एकाच नियतकालिकाकडे लेख पाठवावा. एकच तक्रार एकाच वेळी दोन न्यायालयांत घालता येत नाही. सर्व लेखकांची संमती हवी, आणि ज्याने काम केले नाही त्याचे नाव घालू नये, मग तो विभागप्रमुख का असेना. कोणाकडून पैसा किंवा पगार घेत असाल तर ते उघड लिहावे. आता यंत्रेही मजकूर लिहून देऊ लागली आहेत. यंत्राला लेखक म्हणून मोठे प्रकाशक मान्य करीत नाहीत, त्याची मदत घेतली असेल तर ती सांगा म्हणतात. आणि यंत्राने दिलेला एखादा संदर्भ मुळात अस्तित्वातच नसतो, असेही घडते. सही ज्याची, जबाबदारी त्याची.

संपादकाने लेख ठेवून घेतला तर तो दोन-तीन जाणकारांकडे जातो. त्यांची मते येतात, बहुधा कठोर. आमच्या विड्यांची छाट होते तेव्हा तपासणारा मूठभर विड्या बाजूला फेकतो आणि कारण विचारले तर डोळे वटारतो. येथे छाट करणारा कारण लेखी देतो. म्हणून त्याला उत्तरही लेखी, मुद्द्याला मुद्दा असे द्यावे. जे पटले ते सुधारावे, जे पटले नाही त्याचे कारण सांगावे.

आमच्या मित्राचा लेख पहिल्या ठिकाणाहून आठ दिवसांत परत आला. संपादकाने लिहिले होते की ही यादी आहे, परीक्षण नाही. तो दोन दिवस जेवला नाही. मग त्याने तिसऱ्यांदा सारे लिहिले आणि दुसरीकडे पाठवले. तेथल्या एका परीक्षकाचा प्रश्न मी कधी विसरणार नाही. त्याने विचारले होते : ‘बाजारात मिळणाऱ्या भुकटीत या द्रव्याचे प्रमाण किती असते, याविषयी लेखक काहीच का बोलत नाहीत?’ हाच प्रश्न मला दवाखान्याच्या व्हरांड्यात डॉक्टरांनी विचारला होता. कुठल्या देशातला कोण तो परीक्षक. त्याला आमची विडीवाली बाई ठाऊक असण्याचे कारण नाही. मित्राने पुन्हा शोध केला आणि एक परिच्छेद वाढवला : मुळीतले द्रव्याचे प्रमाण जागेप्रमाणे, हंगामाप्रमाणे आणि मुळाच्या भागाप्रमाणे बदलते, म्हणून चमच्याने मोजलेली भुकटी म्हणजे मोजलेले औषध नव्हे. तो लेख मागच्या वर्षी छापून आला.

आता एक कडू गोष्ट. याच तरुणाने पूर्वी एकदा नोकरीतल्या बढतीसाठी एका नियतकालिकाला पैसे भरून लेख छापून घेतला होता. चार दिवसांत स्वीकृतीचे पत्र आले. कोणी वाचला नाही, कोणी प्रश्न विचारला नाही. हे त्यानेच मला खाली मान घालून सांगितले. तो एकटा नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने मे २०१८ मध्ये आपल्या मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिके काढून टाकली. पुण्याचे प्रा. भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच वर्षी ‘करंट सायन्स’मध्ये दाखवून दिले की, विद्यापीठांनी सुचवलेल्या भागातील तपासलेल्या नियतकालिकांपैकी ८८ टक्के हलक्या दर्जाची असावीत. मग आयोगाने ‘केअर’ नावाची नवी यादी केली. फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद झाली आणि पारख करण्याचे काम महाविद्यालयांवर आले. पैसे घेणारे प्रत्येक नियतकालिक खोटे असते असे मात्र समजू नका. काही चांगली नियतकालिकेही छपाईचा आकार घेतात. खूण एकच : तुमचा लेख कोणी वाचतो काय? प्रश्न विचारतो काय?

कोणी म्हणेल, बढतीच्या कागदाने कोणाचे काय बिघडते? बिघडते, मंडळी. न वाचता छापलेल्या लेखावरून कोणी पत्रक लिहितो. ते पत्रक माझ्यासारखा अर्धवट शिकलेला माणूस वस्तीवर वाचून दाखवतो. आणि शेवटी ज्याच्या हातावर पोट आहे त्याचा हात लुळा पडतो. त्या साखळीतली शेवटून दुसरी कडी मी होतो, म्हणून ती मला इतकी स्पष्ट दिसते.

म्हणून माझी दोन मागणी आहेत. कामगार पुढारी मागणीशिवाय खाली बसत नाही. पहिली आपल्या प्राध्यापकांकडे आणि विद्यार्थ्यांकडे. भंडाऱ्यासारख्या ठिकाणी मोठी प्रयोगशाळा नाही, म्हणून शास्त्रात आपल्याला जागा नाही, असे म्हणू नका. आढाव्याला यंत्रसामग्री थोडी आणि सचोटी फार लागते. आपल्या रानातली झाडे, आपल्या माणसांचे आजार, यांवरच्या साक्षी गोळा करा आणि त्यांचा प्रामाणिक निवाडा लिहा. आणि लिहिल्यावर त्याचा सारांश मराठीत, एका पानात, या व्याख्यानमालेला द्या. दुसरी मागणी तुम्हा नागरिकांकडे. कोणी औषधाचा कागद पुढे केला की तीन प्रश्न विचारा : माणसावर पाहिले काय, मात्रा किती, आणि उलट साक्षी कोठे आहेत? आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय चालू गोळी सोडू नका.

ती बाई आज डाव्या हाताने पाने कातरते. विडी वळता येत नाही. मित्राच्या लेखातला तो एक परिच्छेद मराठीत उतरवून मी तिच्या वस्तीवर, ज्या ओट्यावर ते पत्रक वाचले होते त्याच ओट्यावर वाचून दाखवला. ती पुढेच बसली होती. वाचून झाल्यावर म्हणाली, ‘हे आधी वाचाले पाहिजे होतं, भाऊ.’

तिचे म्हणणे मी तुमच्यापुढे ठेवले. माझे भाषण संपले.